राहिलेली प्रॅक्टिकल्स

ऑफिसबाहेरच्या फळ्यावर डिफॉल्टरांची यादी लागली आहे. डिसेंबरचा पहिला आठवडा. नागपुरात थंडी उतरली आहे आणि या व्हरांड्यात ऊन अजून पोचलेलं नाही. यादीपुढे मुलांची गर्दी आहे. पुढचा मुलगा रोल नंबरांवरून बोट फिरवत खाली येतो, मागचे त्याच्या खांद्यावरून वाकून आपापला नंबर शोधतात. "तुझा हाये का बे?" "हाये ना. बासष्ट टक्के." ज्यांचा नंबर यादीत नाही ते लगेच बाहेर पडतात, कॅन्टीनकडे वळतात. ज्यांचा आहे ते तिथंच उभे राहतात, मोबाईलवर यादीचा फोटो काढतात आणि पुन्हा वाचतात.

ही पंचाहत्तर टक्क्यांच्या आतल्यांची यादी. सेशनलचे मार्क पोर्टलवर भरायला थोडेच दिवस उरले आहेत, त्यानंतर हिवाळी परीक्षा. मी इथं रसायनशास्त्र शिकवते आणि बीएस्सी दुसऱ्या वर्षाच्या एका बॅचची मेंटॉर आहे. माझ्या बॅचमधले काही नंबर या यादीत आहेत, म्हणून तास संपवून खिडकीशी येऊन उभी राहिले आहे.

खिडकीच्या आत बाबू बसले आहेत. हजेरी, बोनाफाईड, स्कॉलरशिप, मेडिकल, सगळ्या फायली या एकाच माणसाच्या टेबलावर येतात. ते वर न पाहता हात पुढे करतात, कागद हातात पडला की मग मान वर करतात.

पहिला मुलगा डेंग्यूतून उठलेला आहे. सप्टेंबरात त्याच्या प्लेटलेट खाली आल्या होत्या. रिपोर्ट, भरती झाल्याचा कागद, डिस्चार्ज कार्ड, डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट, सगळं तारखेनिशी लावून स्टेपल केलेलं. बाबू पानं उलटतात, शिक्का मारतात, आवक नंबर टाकतात. दोन मिनिटांत काम होतं. अमुक तारखेला ताप आला, अमुक तारखेला बरा झाला. असा आजार अर्जाच्या रकान्यांत नीट बसतो.

त्याच्यामागे उभ्या असलेल्या मुलाचं डोकं भादरलेलं आहे. नुकते फुटलेले केस, त्यात मागे राखलेली शेंडी. भंडाऱ्याकडच्या एका गावाहून तो येतो, माझ्याच बॅचचा.

"अर्ज?" बाबू विचारतात.

तो वहीचं फाडलेलं पान पुढे करतो. वडील वारल्यामुळे कॉलेजात येऊ शकलो नाही, अशी दीड ओळ.

"मृत्यूचा दाखला जोड याला."

"अजून भेटला नाही सर, ग्रामपंचायतीतून."

"मग तो घेऊन ये. इथं नुसता अर्ज चालत नाही."

मुलगा काही बोलत नाही. पान घडी करून खिशात घालतो आणि बाजूला होतो. त्याच्या डोक्याकडे पाहिलं तर कोणत्या दाखल्याची गरज आहे, असं मनात येतं. मी त्याला हातानं थांबायची खूण करते. तो मान हलवतो, पण थोड्या वेळानं मी वळून पाहते तेव्हा तो तिथं नसतो.

बाबूंवर राग काढण्यात अर्थ नाही. त्यांच्या उजव्या हाताला मेडिकलच्या अर्जांचा जो गठ्ठा आहे, त्यातले काही कसे येतात ते त्यांनाही माहीत आहे आणि आम्हां शिक्षकांनाही. एकाच डॉक्टरचं लेटरहेड, एकाच शाईत लिहिलेला 'व्हायरल फीवर', फक्त नाव वेगळं. अशा कागदांना चाप बसावा म्हणून नियम कडक केले जातात. पण खोटं सर्टिफिकेट आणणारा कडक नियमानं अडत नाही. त्याचा कागद नेहमी पुरा असतो. अडतो तो ज्याचा आजार, ज्याचं दुःख कागदात मावत नाही.

हे मी मनात म्हणते आहे तेवढ्यात अशीच एक मुलगी वडिलांबरोबर जिना चढून येते. पायरी-पायरीला थांबत, कठड्याला धरून. पूर्ण बाह्यांचं स्वेटर, डोक्याला स्कार्फ, हातात पाण्याची मोठी बाटली. डोळ्यांतला पांढरा भाग पिवळसर. तिचं नाव इथं लिहीत नाही. तिचा आजार हा तिचा आणि तिच्या डॉक्टरांचा विषय आहे, आणि मला लिहायचं आहे ते आमच्या बाजूबद्दल. वडील आरमोरीजवळच्या गावाहून पहाटेच्या एसटीनं आले आहेत. कापडाच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी त्यांनी छातीशी धरली आहे.

"बाबूजी, हे पाहा जी," म्हणत ते पिशवी उघडतात.

कागद बाहेर येतात ते कितीतरी वर्षांचे. लहानपणीचा इलेक्ट्रोफोरेसिसचा रिपोर्ट, घडीवर फाटत आलेला. ओपीडीच्या चिठ्ठ्या. हायड्रॉक्सियुरिया आणि फोलिक ॲसिड लिहिलेली प्रिस्क्रिप्शनं. या सत्रातली दोन डिस्चार्ज कार्डं, एक ऑगस्टचं, एक नोव्हेंबरचं. दोन्हींवर निदानाच्या जागी एकच शब्द: क्रायसिस.

विदर्भात सिकलसेल हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, पुष्कळ गावांत एखादं तरी 'एसएस'चं पोर असतं आणि 'एएस'ची कितीतरी माणसं असतात, जी स्वतः धडधाकट असून हा दोष पुढच्या पिढीला देऊ शकतात. एसएसच्या रक्तातल्या लाल पेशी ऑक्सिजन सोडला की वाकतात, ताठ होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जिथं अडकतात तिथं रक्त पोचत नाही आणि दुखणं उठतं. हाडांत, सांध्यांत, पाठीत, छातीत. थंडी, ताप, पाणी कमी पडणं, अंगावरचा ताण, काहीही निमित्त पुरतं. आज चांगलं हिंडणारं माणूस रात्री ओरडायला लागतं आणि सकाळी भरती होतं. आठ-दहा दिवसांनी घरी येतं, पण अंगात त्राण नसतं. मग एखादा महिना बरा जातो. पुढची खेप कधी येईल ते कुणीच सांगू शकत नाही.

बाबू दोन्ही डिस्चार्ज कार्डं वाचतात. त्यांचा आवाज मऊ होतो, पण मागणी तीच राहते.

"काका, हे बरोबर आहे. पण फिटनेस लागते. डॉक्टरनं लिहून द्यावं की अमुक तारखेपासून पूर्ण बरी आहे."

"पूर्ण बरी कसं लिहून देईल जी डॉक्टर?" वडील विचारतात. त्यात तक्रार नाही, ते खरंच विचारत आहेत. "हे तं जनमाचं हाये."

बाबू माझ्याकडे पाहतात. मुलगी भिंतीला टेकते. मी दार ढकलून आत जाते, कागद गोळा करते आणि बापलेकींना घेऊन प्राचार्यांच्या केबिनकडे निघते.

केबिनमध्ये बसायला खुर्च्या आहेत, ही आत्ता सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. प्राचार्य कागद पाहतात आणि हजेरीचा तक्ता मागवतात. मी टेबलावरच्या कोऱ्या कागदावर हिशेब मांडते. सत्र पंधरा आठवड्यांचं. पंचाहत्तर टक्के म्हणजे चार आठवड्यांहूनही कमी गैरहजेरी चालते. एका क्रायसिसचे दहा-बारा दिवस धरले, त्यानंतरचा अशक्तपणाचा आठवडा धरला, तर दोन खेपांत सगळं शिल्लक संपतं. वार्षिक परीक्षा होती तेव्हा ऑगस्टात आजारी पडलेलं पोर दिवाळीच्या सुट्टीत भरून काढायचं आणि मार्चमध्ये इतरांच्या बरोबरीनं पेपर द्यायचं. सेमिस्टर आल्यापासून वर्ष दोन तुकड्यांत कापलं गेलं, प्रत्येक तुकड्यात सेशनल, असाइनमेंट, सेमिनार, प्रॅक्टिकल भरली. आजारपणाची लांबी मात्र होती तेवढीच राहिली. सेमिस्टरच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ आहे, पण ज्याला आठवडे गमवावे लागतात त्याच्यासाठी ही पद्धत कठोर आहे.

प्राचार्य गंभीरपणे ऐकतात. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली वर्तमानपत्राचं कात्रण आहे. २०१६ साली दिल्लीत कायद्याच्या एका विद्यार्थ्याला हजेरी कमी म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही आणि त्यानं आत्महत्या केली. सर्वोच्च न्यायालयानं त्याची स्वतःहून दखल घेतली, प्रकरण पुढे दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या न्यायालयानं सांगितलं की केवळ हजेरी कमी आहे म्हणून कायद्याच्या विद्यार्थ्याला परीक्षेपासून अडवता येणार नाही. "हा निकाल कायद्याच्या कॉलेजांपुरता आहे," प्राचार्य म्हणतात, "आपल्याला तो जसाच्या तसा लागू नाही. पण वाचून ठेवला पाहिजे." मग ते फिटनेसच्या अटीवर तिरकी रेघ ओढतात, डिस्चार्ज कार्डं आणि जुना रिपोर्ट पुरेसा मानावा असा शेरा लिहितात आणि सही करतात. आजारपणातली तूट माफ करण्याचा हा अधिकार त्यांचा आहे. तो ते आज वापरतात, याचं मला मनापासून बरं वाटतं.

वडील उठून हात जोडतात. त्यांच्या दृष्टीनं काम झालं. दुपारच्या गाडीनं परत जायला ते मोकळे आहेत.

मुलगी मात्र उठत नाही. "सर, माझे सहा प्रॅक्टिकल राहिले आहेत," ती म्हणते.

सहीनं ती परीक्षेला बसू शकते. तिला त्या परीक्षेत काही येईल याची सोय सहीत नाही. आजारी विद्यार्थ्याला आपण पुरावा मागतो, पुरावा मिळाला की माफी देतो, आणि तिथं आपलं काम संपलं असं धरून चालतो. हजेरी माफ होते. न शिकलेला भाग कसा माफ होणार?

कायद्यानं या मुलीला काही दिलं नाही असं नाही. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते एकवीस झाले आणि त्यांत सिकलसेल आलं, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाही आले. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दिव्यांग विद्यार्थ्याला परीक्षेत तासाला किमान वीस मिनिटं जादा मिळू शकतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. १ जुलै २०२३ ला शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, कोट्यवधी लोकांची तपासणी त्यात ठरली आहे. हे सगळं हवंच होतं. पण जादा वेळ मिळतो तो परीक्षेच्या दिवशी. सत्रातले जे आठवडे पलंगावर गेले त्यांच्यासाठी जादा वेळ कुठून आणायचा, हे त्या-त्या विभागावर, म्हणजे शेवटी आमच्यासारख्या एखाद्या शिक्षकाच्या सवडीवर राहतं.

स्टाफरूममध्ये मी चहा मागवते. मुलगी चहा घेत नाही, बाटलीतलं कोमट पाणी घोट-घोट पिते. डॉक्टरांनी सांगितलं आहे, दिवसभर पाणी पीत राहायचं. आमच्याकडच्या वर्गांत तासाला बाटली तोंडाला लावली तर काही शिक्षकांना आवडत नाही. तिनं पहिल्या वर्षी कुणालाच सांगितलं नव्हतं, त्यामुळे ती तहान मारून बसायची. हे ती सहज बोलून जाते आणि माझ्या पोटात कालवतं.

आम्ही कागद घेऊन बसतो. राहिलेलं सगळं एकाखाली एक लिहिते. आकडा मोठा दिसतो. तिच्या चेहऱ्यावरून कळतं की हा आकडा तिच्या डोक्यात आठवडाभर फिरतो आहे. मग एकेक घेऊन आम्ही ठरवत जातो. गेस्ट लेक्चरचा वृत्तांत? ज्या व्याख्यानाला ती नव्हती त्याचा वृत्तांत तिच्याकडून मागणं निरर्थक आहे, सोडून दे. फिजिक्सची असाइनमेंट? वर्गातल्या नोट्स व्हॉट्सॲपवर आल्या आहेत, ती घरी बसून करता येते. तारीख वाढवून घ्यायची, मी त्या सरांशी आत्ताच फोनवर बोलते. सर म्हणतात, पंधरा तारखेपर्यंत दे, काही हरकत नाही. एवढंच हवं होतं, पण ती स्वतः विचारायला कचरत होती. माझ्या विषयाची बुडालेली लेखी सेशनल? लेखीऐवजी तोंडी घेऊ, बसून, अर्धा तास. उरतात सहा प्रॅक्टिकल्स.

तिची मैत्रीण एव्हाना आली आहे, रेकॉर्ड बुक घेऊन. गुणी मुलगी आहे. गेले दोन महिने हिच्यासाठी रोजच्या नोट्सचे फोटो पाठवते आहे. ती अगदी साधेपणानं म्हणते, "मॅडम, माझी रीडिंग्ज उतरवून घेते ना ती. आज रात्रीत होऊन जाईल. तुम्ही उद्या सही करून द्या."

हे कॉलेजांत सर्रास चालतं. शिक्षकाला माया असते, मैत्रिणीला माया असते, रेकॉर्ड पूर्ण होतं, सही होते, मार्क लागतात. कुणाचं काही बिघडलेलं दिसत नाही. मला ही रीत पटत नाही. तिच्यात आजारी मुलीला आपण सांगत असतो की तुझं शिकणं फारसं महत्त्वाचं नव्हतं, कागद महत्त्वाचा होता.

मी काही बोलायच्या आत हीच म्हणते, "उतरवून घेतलं तर एक्स्टर्नलसमोर काय करू? ब्युरेट हातात दिलं की समजेलच ना." आणि थोडं थांबून, "मला करायचं आहे मॅडम. मला बसून करू द्या फक्त."

सहाचे तीन होतात. ज्या प्रयोगांत एकच कसब पुन्हा येतं ते एकदाच करायचे: एक टायट्रेशन, एक ऑरगॅनिकचं डिटेक्शन, एक कंडक्टिव्हिटीचा. बाकी तीन तिनं मैत्रिणीच्या वहीतून वाचायचे, आकडेमोड स्वतः करायची आणि रेकॉर्डमध्ये 'प्रत्यक्ष केला नाही' असं स्पष्ट लिहायचं. एक आज, एक परवा, एक पुढच्या सोमवारी. एका दिवसात दोन नाहीत.

दुपारी दोनला लॅब रिकामी आहे. लॅब अटेंडंट काकांनी न सांगता स्टूल आणून ठेवलं आहे आणि नळाच्या गार पाण्यात हात घालावा लागू नये म्हणून काचसामान आधीच धुऊन उलटं मांडलं आहे. दक्षिणेच्या खिडकीतून ऊन टेबलावर आलं आहे. ती स्कार्फ काढते, ॲप्रन चढवते. ॲप्रन सैल झालं आहे.

प्रयोग पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिडचा. ती पिपेटनं दहा मिली ऑक्झॅलिक फ्लास्कमध्ये घेते, सौम्य सल्फ्युरिक घालते, फ्लास्क जाळीवर ठेवून बर्नर लावते. साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवायचं, उकळू द्यायचं नाही. मग डावा हात ब्युरेटच्या कॉकवर, उजवा फ्लास्कच्या मानेवर. तिच्या बोटांना हे माहीत नाही हे लगेच दिसतं. कॉक एकदम जास्त फिरतो आणि जांभळी धार आत पडते. ती दचकून बंद करते.

"असू दे. हे पायलट समज. हलवत राहा."

पहिल्या थेंबांचा गुलाबी रंग रेंगाळतो. तिला वाटतं चुकलं. मी सांगते, थांब जरा. फ्लास्क फिरत राहतो आणि रंग विरतो. पुढचा थेंब लवकर विरतो, त्याच्या पुढचा पडताक्षणी. कारण पुस्तकात तिनं वाचलेलं आहे: अभिक्रियेत तयार होणारे मँगनीजचे आयनच ती अभिक्रिया पुढे वेगानं नेतात. वाचलेलं डोळ्यांपुढे घडताना ती पहिल्यांदा पाहते आहे. "अरे, स्वतःच फास्ट होऊन राहिलं हे," ती म्हणते आणि हसते. सकाळपासून पहिल्यांदा.

शेवट आला की एक थेंब पुरतो. संबंध फ्लास्कभर फिकट गुलाबी रंग चढतो आणि जात नाही. ती रीडिंग घ्यायला वाकते आणि सवयीनं खालची वक्र रेघ शोधते. परमँगनेट इतकं गडद असतं की खालची कड दिसतच नाही. इथं वरची कड वाचायची. हे मी वर्गात सांगितलं होतं त्या दिवशी ती दवाखान्यात होती. मैत्रिणीच्या वहीत नुसता आकडा आहे, वरची कड वाचली की खालची हे आकड्यात दिसत नाही. आता तिला कळलं. पहिलं दहा पूर्णांक दोन. दुसरं नऊ पूर्णांक आठ. मध्ये ती दहा मिनिटं बसते, पाणी पिते, मांडी दाबते. दुखतंय का, मी विचारते. "थोडं. नेहमीचं." तिसरं रीडिंग पुन्हा नऊ पूर्णांक आठ येतं. दोन सारखी आली, सीबीआर म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग मिळालं. ती पेननं त्याच्याभोवती चौकट काढते, मी तारीख घालून सही करते. आजचीच तारीख, डिसेंबरची. मागची नाही.

लॅबच्या दारात कुणीतरी उभं आहे. सकाळचा भादरल्या डोक्याचा मुलगा. मी त्याला शोधायला काकांना पाठवलं होतं. तो सायकल स्टँडजवळ सापडला.

"ये बेटा, बस. कधी गेले बाबा?"

दिवाळीनंतर. धानाची कापणी चालू असताना. तेरवी झाली आणि त्याच्यापुढे वेगळीच रांग लागली. सातबारा वडिलांच्या नावावर, धान खरेदी केंद्रावरची नोंदणी वडिलांच्या नावावर, बँकेचं खातं वडिलांच्या नावावर. कापलेलं धान शेतात आणि विकायचं कुणाच्या नावानं हे ठरत नाही. वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे, दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत, पासबुकासाठी तालुक्याला. घरात आई आणि आठवीतली बहीण. आम्ही 'दुःखद प्रसंग' म्हणतो तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे रडणारं घर असतं; या मुलाचे आठवडे रांगांत उभं राहण्यात गेले आहेत.

"मग कॉलेजात कळवलं का नाहीस? मला फोन करायचा."

"कोणाले सांगावं ते समजलंच नाही मॅडम. इतके दिवस झाले, मग वाटलं आता काय सांगू." तो ॲप्रनमधल्या मुलीकडे पाहतो, मग खाली. "ड्रॉप घेऊ म्हणतो एक वर्ष."

मी त्याला नको म्हणत नाही. घराची घडी बसेपर्यंत थांबणं त्याच्यासाठी योग्यही असेल. पण थांबायचं तर अर्ज देऊन थांबायचं, गायब होऊन नाही. अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये त्याच्या पहिल्या वर्षाची क्रेडिट्स जमा आहेत, ती खंड पडला म्हणून वाया जात नाहीत. हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. आणि या सत्रापुरतं पाहिलं तर त्याचं फार राहिलेलंही नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात तो एक दिवस चुकलेला नाही. एक सेशनल, दोन असाइनमेंट, दोन प्रॅक्टिकल्स. मी दुसरं पान घेते. दाखला येईल तेव्हा येईल. तोवर सरपंचांचं पत्र चालेल असं प्राचार्यांकडून लिहून घेऊ. तो पानाकडे पाहत राहतो. मग विचारतो, "सोमवारी ही करणार तेव्हा मी पण करू शकतो का?"

करू शकतो. लॅब तीच, काका तेच, केमिकल्स तीच. एका मुलीसाठी उघडायची तर दोघांसाठी उघडता येते, आणि दोघांसाठी उघडायची तर यादीतल्या बाकीच्यांसाठीही. यात खर्च नाही, विद्यापीठाची परवानगी लागत नाही, नवा नियम लागत नाही. फक्त दिवस आधी ठरलेला हवा. आज हे जमलं ते दुपारची लॅब योगायोगानं रिकामी होती म्हणून, प्राचार्य जागेवर होते म्हणून, त्या सरांनी फोन उचलला म्हणून. ज्या मुलांचे वडील पहाटेच्या एसटीनं येऊ शकत नाहीत त्यांचं काय? आजारी माणसाला योगायोगावर सोडणं बरोबर नाही. राहिलेलं भरून काढायची सोय ही मेहेरबानी असता कामा नये, ती वेळापत्रकात छापलेली असली पाहिजे.

म्हणून माझ्या सहकाऱ्यांना एक मागणं आहे. पुढच्या सत्राची वेळापत्रकं आत्ता बनत आहेत. प्रत्येक विभागानं त्यात राहिलेल्या प्रॅक्टिकल्सचे दोन दिवस पहिल्याच दिवशी टाकावेत, एक सत्राच्या मध्यावर आणि एक शेवटी. त्याखाली एका शिक्षकाचं नाव आणि फोन नंबर लिहावा. आणि विद्यार्थ्यांनो, अंथरुणावर असाल, घरात काही घडलं असेल, तर कागद जमण्याची वाट पाहू नका. त्या नंबरवर एक ओळ पाठवा: मी येऊ शकत नाही, माझं काम राहणार आहे. दाखले मागाहून आणता येतील.